महागडी सिंगल ओरिजिन कॉफी दुधात आंबट का लागली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चिकमगळूरची सिंगल ओरिजिन, म्हणजे एकाच ठिकाणची, कॉफी ऑनलाइन मागवली, 250 ग्रॅमला साडेसहाशे रुपये मोजले, पाकिटावर ‘संत्रं, गूळ, आलुबुखार’ असं छापलेलं. घरच्या स्टीलच्या फिल्टरमध्ये डिकॉक्शन (कॉफीचा दाट अर्क) काढून दूध घातलं तर पातळ आणि आंबटसर लागली. सासूबाई माटुंग्याहून आणतात ती चिकोरीवाली पूड मात्र निम्म्याहून कमी पैशांत दाट आणि खरपूस लागते. मग मळा, उंची, जात याला खरंच काही अर्थ आहे की सगळी जाहिरातबाजी? की शिळा माल गळ्यात मारला?

मी पुण्यात छोट्या प्रमाणावर कॉफी भाजून विकते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी तुमची कॉफी वाईट वाटत नाही आणि फार शिळीही नसावी. ती काळी प्यायची म्हणून हलकी भाजलेली आहे. ऑर्डर करताना तुम्ही दळणात ‘पोअर ओव्हर’ निवडलंत, म्हणून ती कागदाच्या फिल्टरला लागते तशी जाडसर दळून आली. ती तुम्ही स्टीलच्या फिल्टरमधून काढून दुधात घातलीत. यात मळेवाल्याची काही चूक नाही. पण या गोंधळामागे खरा प्रश्न वेगळा आहे: मूळ, भाजणं आणि ताजेपणा यांतलं काय तुमच्या कपापर्यंत पोचतं आणि पैसे कशावर घालावेत? त्याचं उत्तर तुम्ही कॉफी कशी पिता यावर फार अवलंबून आहे. काळी पिणाऱ्याला मी जे सांगेन त्याच्या जवळजवळ उलट तुम्हाला सांगणार आहे.

मुळापासून सुरुवात करू, कारण पाकिटावर सगळ्यात मोठी अक्षरं त्याचीच असतात. पहिला फरक जातीचा: अरेबिका की रोबस्टा, या कॉफीच्या दोन मुख्य जाती. रोबस्टात कॅफिन साधारण दुप्पट असतं (अरेबिकात सव्वा टक्क्याच्या आसपास, रोबस्टात दोन-सव्वादोन), साखर कमी आणि क्लोरोजेनिक आम्लं जास्त. म्हणून ती कडवट, जड, दुधाला पुरून उरणारी. भारतात पिकणाऱ्या कॉफीत सुमारे 70 टक्के रोबस्टाच आहे, त्यामुळे तिला नाकं मुरडण्यात अर्थ नाही. नीट पिकवलेली, धुतलेली रोबस्टा, बाजारात जिला ‘रोबस्टा पार्चमेंट’ म्हणतात ती, दुधाच्या कॉफीत मी आनंदाने वापरते.

दुसरा फरक उंचीचा. उंचावर रात्री थंड असतात, फळ सावकाश पिकतं, बी घट्ट भरते आणि तिच्यात आम्लं आणि सुगंधाचा कच्चा माल जास्त साठतो. चिकमगळूरजवळच्या बाबा बुडनगिरीच्या उतारांवर हजार ते पंधराशे मीटरपर्यंत अरेबिका आहे. कूर्गमध्ये मळे बऱ्याच ठिकाणी त्याहून खाली आणि रोबस्टाचं प्रमाण मोठं. आपल्याकडे चिखलदऱ्यालाही सुमारे 1,100 मीटरवर थोडी कॉफी होते, पण लागवड इतकी कमी की बाजारात ती सहसा हाताला लागत नाही. मात्र पाकिटावरचा मीटरचा आकडा एकटा फार काही सांगत नाही. विषुववृत्ताजवळच्या केनियातले 1,200 मीटर आणि कर्नाटकातले 1,200 मीटर यांच्या थंडीत फरक पडतो. सावली किती, झाडाची जात कोणती, पाऊस कधी आला, हेही पाहावं लागतं. भारतात बहुतेक कॉफी झाडांच्या सावलीत होते, खोडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात. त्यावरून ‘मिरीच्या शेजारामुळे कॉफीत मिरीची चव उतरते’ अशी गोष्ट बरेच विक्रेते सांगतात. ऐकायला गोड आहे, पण शेजारच्या वेलाची चव बीमध्ये उतरत नाही. सावलीने फळ हळू पिकतं, तो फायदा खरा.

माझ्या मते मातीपेक्षाही जास्त फरक पडतो तो तोडणीनंतर काय केलं याने. फळाचा गर काढून, बिया धुऊन वाळवल्या की चव स्वच्छ येते, आंबटपणा नेमका कळतो. आपल्या व्यापारात अशा अरेबिकाला ‘प्लँटेशन’ म्हणतात. ‘प्लँटेशन ए’, ‘प्लँटेशन डबल ए’ हे त्यातले बीच्या आकाराचे दर्जे. मोठी बी म्हणजे चांगली चव असं समीकरण नाही. अख्खं फळ उन्हात वाळवलं की ती ‘चेरी’: जड, फळाळ, आणि हयगय झाली तर आंबूस. एकाच मळ्याची धुतलेली आणि अख्खी वाळवलेली कॉफी शेजारी ठेवा. दोन शेजारी मळ्यांमध्ये असतो त्यापेक्षा मोठा फरक या दोघींत सापडेल.

तर मूळ हे थोतांड नाही. इथिओपियातल्या यिर्गाचेफेची धुतलेली, हलकी भाजलेली कॉफी काळी प्यायली तर फुलांचा आणि लिंबाचा वास नवख्यालाही ओळखू येतो. सुमात्राच्या बिया अर्धवट ओल्या असतानाच सोलतात, त्यातून तिचा मातकट, जड स्वाद येतो. आपली अरेबिका बहुतेक वेळा कमी आंबट, चॉकलेट-सुकामेव्याच्या अंगाची. पाकिटावरचं ‘संत्रं’ म्हणजे आत संत्र्याचा अर्क नसतो; बीमधलं सायट्रिक आम्ल आणि काही वासाची द्रव्यं मिळून तशी आठवण होते. ती आठवण भाजणाऱ्याला झाली तेव्हा तो काळी, कोमट होत आलेली कॉफी चमच्याने चाखत होता. दूध-साखर घातलेल्या पेल्याबद्दल त्याने काही कबूल केलेलं नाही.

आता भाजण्याकडे. कच्ची बी हिरवट-राखाडी असते आणि तिला ओल्या गवताचा वास येतो. कॉफीचा मुळीच नाही. ड्रममध्ये पडली की आधी तिच्यातलं पाणी उडतं, ती पिवळी पडते, वास वाळल्या गवताकडून भाजत्या पावाकडे सरकतो. मग रंग तपकिरी होऊ लागतो आणि बीचं तापमान साधारण 195-200 अंशांवर गेलं की आत साठलेल्या वाफेच्या दाबाने बिया ‘टक्, टक्’ फुटतात. हा पहिला क्रॅक. त्याच्या पुढच्या काही मिनिटांत आमच्या धंद्याचं सगळं बरं-वाईट ठरतं. इथे लवकर थांबलं की फळांची आम्लं शाबूत राहतात. आणखी थोडं पुढे नेलं की आंबटपणा मावळतो, खरपूस वास आणि कडूपणा वाढतो. 225 अंशांच्या आसपास दुसरा क्रॅक, आवाज बारीक आणि घाईचा. त्यानंतर बीवर तेल सुटतं, आणि तिथून पुढे ती कुठल्या डोंगरावरून आली हे ओळखणं कठीण होत जातं. हलक्या रोस्टमध्ये वजन 12-14 टक्के घटतं, गडदमध्ये 17-20 टक्के.

रंगापलीकडे गतीचाही प्रश्न असतो. शेंगदाणे मोठ्या आचेवर भाजले की साल काळी आणि दाणा आत कच्चा, तसंच बीचं होतं. बाहेरून छान तपकिरी दिसणारी बी दाताखाली फोडून पाहा. आत बरीच फिकी असेल तर त्या कॉफीत एकाच वेळी करपट आणि कच्ची-हिरवट चव येणार. उलट फार मंद आचेवर रेंगाळली तर ती सपक होते, तिला ना आंबट ना कडू धड बाजू राहते. यात मळ्याने कितीही कष्ट घेतलेले असोत, भाजणारा ते पाण्यात घालवू शकतो. आणि भाजणारा कितीही हुशार असो, कच्च्या बीत नसलेली चव तो आणू शकत नाही.

मूळ मोठं की भाजणं, याचा अंदाज यावा म्हणून मी दुकानात येणाऱ्यांना कधीकधी एकच लॉट दोन तऱ्हांनी भाजून चाखायला देते: एक पहिल्या क्रॅकनंतर लगेच काढलेला, एक दुसऱ्या क्रॅकच्या तोंडाशी. बहुतेकांना ते दोन वेगळे देश वाटतात. याच्या उलटही करते. चिकमगळूरची आणि आंध्रातल्या अराकूची अरेबिका दोन्ही गडद भाजून, डिकॉक्शन काढून, दूध-साखर घालून समोर ठेवते. लेबल झाकलेलं असेल तर त्यातली कुठली कुठली हे मलाही खात्रीने सांगता येत नाही. दूध घालून पिणाऱ्याने सिंगल ओरिजिनसाठी दुप्पट पैसे का मोजू नयेत याचं माझं उत्तर या दुसऱ्या चाचणीत आहे.

तुमच्या पेल्यात नेमकं काय झालं ते आता जुळवता येईल. हलक्या भाजलेल्या बीमध्ये आम्लं जास्त. शिवाय ती बी घट्ट असते, पाण्याला चटकन काही देत नाही. त्यात दळण जाड. स्टीलच्या फिल्टरमध्ये कण बारीक असले तरच पाणी अडून थेंबथेंब उतरतं; जाड पुडीतून ते भराभर निघून जातं. भांडं गार असेल तर पाण्याची उष्णताही त्याने खाल्ली. कॉफीतून आधी निघतात ती आम्लं. गोडसर आणि कडू भाग मागाहून येतो. तुमच्या डिकॉक्शनमध्ये पहिला भाग आला, दुसरा आलाच नाही. मग दुधाने नाजूक वास झाकून टाकले आणि आंबटपणा तेवढा उरला, जो दुधात आपल्या जिभेला ‘नासलंय की काय’ असा वाटतो.

सासूबाईंच्या पुडीचं गणितही साधं आहे. ती गडद भाजलेली, बारीक दळलेली आणि चिकोरी घातलेली. चिकोरी म्हणजे एका मुळाची भाजलेली पूड. तिच्यात कॅफिन नसतं, पण ती डिकॉक्शनला गडद रंग, दाटपणा आणि जळक्या साखरेसारखा गोडवा देते. कायद्याने अशा मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर लिहायला हवं, तेवढं बघून घ्या. कॉफीवाले लोक चिकोरीला भेसळ म्हणतात ते मला पटत नाही. ती पूड दुधासाठीच रचलेली आहे आणि ते काम चोख करते. फक्त चिकोरी 30-40 टक्के असेल तर त्यात कुठल्या मळ्याची अरेबिका आहे हे विचारण्यात वेळ घालवू नका. आणि कडक लागते म्हणजे कॅफिन जास्त असं नाही. गडद भाजण्याने कॅफिन फारसं बदलत नाही.

शेवटी ताजेपणा. लोक याबद्दल सगळ्यात कमी विचारतात आणि सगळ्यात जास्त नुकसान यातच होतं. भाजल्यावर बीमध्ये कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, तो दिवसेंदिवस हळूहळू बाहेर पडतो. अगदी आज भाजलेली कॉफी म्हणून उत्तम असते असं नाही. वायू जास्त असेल तर पाणी पुडीत नीट शिरत नाही. हलका रोस्ट मी आठवडाभर तरी मुरू देते, गडद तीन-चार दिवसांत तयार. त्यानंतर बंद पाकिटात अख्ख्या बिया महिना-दीड महिना चांगल्या राहतात, उघडल्यावर दोन-तीन आठवडे. गडद रोस्टचं तेल बाहेर आलेलं असल्याने तो लवकर खवट होतो. आणि दळलेली पूड? काळी पिणार असाल तर तिचा वरचा वास काही तासांतच उतरायला लागतो. दुधात तुम्हाला पंधरा दिवस फारसं जाणवणार नाही, त्यानंतर कॉफी पुठ्ठ्यासारखी कोरडी लागू लागते. तपासायचं कसं? थोड्या पुडीवर उकळतं पाणी ओता. पूड फुगली, वर फेस-बुडबुडे आले तर वायू अजून आहे. ओल्या मातीसारखी गप्प बसली तर ती बरेच दिवस उघडी पडलेली आहे. पाकिटावर ‘पॅकिंग’ आणि ‘बेस्ट बिफोर’ असतंच. तुम्ही भाजल्याची तारीख शोधा. ती छापलेलीच नसेल तर मी ते पाकीट परत ठेवते, मळ्याचं नाव कितीही मोठं असो.

कच्च्या बीलाही वय असतं. आपल्याकडे अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, रोबस्टाची त्याच्या मागोमाग. वाळवून, सोलून, प्रतवारी होऊन माल आमच्याकडे यायला उन्हाळा उजाडतो. नीट साठवली तर कच्ची बी वर्षभर बरी राहते, मग तिला गोणपाटाचा, लाकडाचा वास येतो. म्हणजे भाजल्याची तारीख कालची असली तरी आतली बी दोन हंगाम जुनी असू शकते. भाजणाऱ्याला ‘कुठल्या हंगामाची?’ एवढं विचारा. उत्तर देताना तो किती चाचरतो त्यावरून बरंच कळतं.

यात एक गंमत आपल्याच किनाऱ्याची आहे. एकोणिसाव्या शतकात मलबारची कॉफी शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जायची. महिनोन्महिने दमट हवेत बिया फुगायच्या, पिवळट पडायच्या, आंबटपणा जवळजवळ जायचा. 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला, आगबोटी आल्या, प्रवास आटोपशीर झाला आणि तिकडच्या गिऱ्हाइकांना ती जुनी चव मिळेना. म्हणून आता कच्च्या बिया जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरच्या गोदामांत पसरून मुद्दाम पावसाळी वारा खाऊ घालतात. तीच ‘मॉन्सून्ड मलबार’. आंबट अजिबात नको असेल तर तुमच्यासाठी हे मूळ खरंच उपयोगाचं आहे, आणि दुधातही टिकतं. पण तोच वारा भाजलेल्या कॉफीचा शत्रू. मुंबई-कोकणात जुलैमध्ये पाकीट क्लिप लावून ओट्यावर ठेवलं तर आठवड्यात पूड कुबट होते. घट्ट झाकणाचा डबा, अंधारं कपाट, गॅसपासून लांब. फ्रिजमध्ये नको, तिथे ओल आणि लसणीच्या चटणीचा वास, दोन्ही लागतात. जास्त माल असेल तर छोट्या हवाबंद पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढलेली पुडी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

एक गोष्ट मला इथून सांगता येणार नाही: तुमचं पाणी. बोअरचं जड पाणी आंबटपणा दाबून कॉफी सपक करतं. क्षार जवळजवळ काढून टाकलेलं आरओचं पाणी उलट तो बोचरा करतं. तुमच्याकडे आरओ असेल तर एकदा नुसतं नळाचं उकळलेलं पाणी वापरून बघा, कदाचित निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

आता करायचं काय. उरलेली कॉफी टाकू नका. मिक्सरच्या लहान भांड्यात थांबून थांबून, गरम होऊ न देता ती थोडी बारीक करा. रव्याहून बारीक, पण मैद्यासारखी नाही. फिल्टर आधी उकळत्या पाण्याने धुऊन गरम करा. 25 ग्रॅम पुडीला 125-150 मिली खळखळतं पाणी, वरची चकती अगदी हलकी दाबून, झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं. डिकॉक्शन दोन मिनिटांत खाली उतरलं तर दळण अजून जाड आहे. इतकं करूनही दुधात आंबटच लागली तर हट्ट सोडा आणि ती काळी प्या: पेपर फिल्टरमधून, नाहीतर सरळ भांड्यात चार मिनिटं भिजवून गाळून, साखर न घालता, थोडी निवल्यावर. पाकिटावरचं संत्रं सापडलं तर तिथेच सापडेल.

पुढची खरेदी दुधासाठी असेल तर मळ्याचं नाव सोडून द्या. 70-80 टक्के प्लँटेशन अरेबिका किंवा पीबेरी (फळात दोनऐवजी एकच गोल बी भरते ती), बाकी रोबस्टा पार्चमेंट, मध्यम-गडद म्हणजे तेल सुटण्याच्या जरा आधी काढलेली, भाजल्याची तारीख पाहून, एका वेळी 200-250 ग्रॅम. दाटपणाची सवय असेल तर 10-20 टक्के चिकोरी सांगा, लाजू नका. वाचलेल्या पैशांतून हाताने फिरवायची एक बरी चक्की घ्या आणि अख्ख्या बिया आणायला लागा.

चक्की आल्यावर एक सवय लावून घ्या: नव्या पाकिटातल्या मूठभर बिया पांढऱ्या ताटलीत पसरून बघायच्या. बाकीच्या तपकिरी असताना काही फिकट, शेंगदाण्याच्या रंगाच्या दिसतील. त्या कच्च्या फळांच्या बिया. साखर भरलीच नव्हती म्हणून त्यांना रंग चढत नाही. त्यातली एक चावून पाहा, भुशासारखी लागेल. मुठीत एखाद-दुसरी असली तर चालतं, उचलून टाका. पाच-सहा निघाल्या तर पिकलेली फळं वेचून तोडणी झालेलीच नाही, आणि मग पाकिटावर कुठल्याही डोंगराचं नाव असलं तरी त्या दुकानात पुन्हा जाऊ नका.